भरदिवसा झोपणारा माणूस

मैत्रिणींनो, दुपारी बारा वाजता घरातला कर्ता पुरुष गाढ झोपलेला पाहून पाहुणे काय म्हणतात, हे रात्रपाळीवाल्यांच्या बायकांना सांगायला नको. ‘बरं नाही का त्यांना?’ हा पहिला प्रश्न. दुसरा जरा हळू आवाजात, ‘नोकरी आहे ना अजून?’

आमचे ‘हे’ उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात क्रेनच्या देखभालीवर आहेत. हे बंदर १९८९ साली सुरू झालं. तिथं जहाजं रात्र म्हणत नाहीत की दिवस, मग क्रेन दुरुस्त करणाऱ्यांनी तरी रात्र कशी म्हणावी?

धक्क्यावरची क्रेन म्हणजे रुळांवर सरकणारा लोखंडी मनोराच. चालकाची केबिन दहा-बारा मजल्यांच्या उंचीवर. तिथून पोलादी दोरांना एक चौकट टांगलेली असते, तिला स्प्रेडर म्हणतात. तिच्या चार कोपऱ्यांतले खटके कंटेनरच्या भोकांत शिरून वळले, की कंटेनर पकडला गेला. चारांतला एक जरी नीट वळला नाही, तरी क्रेन उचलायला तयार होत नाही. भरलेला कंटेनर तीस टनांपर्यंत जातो, तेव्हा एवढा कडकपणा हवाच.

दोरातल्या तुटलेल्या तारा मोजायच्या, दोराची जाडी मापायची, ग्रीस द्यायचं, ब्रेक तपासायचे, खाऱ्या हवेनं चढलेला गंज काढायचा, ही ह्यांची कामं. आपण गॅसची नळी गळायच्या आधीच बदलतो ना, तसंच.

मला सगळ्यांत आवडला तो कुलपाचा नियम. मोटरीला हात लावण्याआधी वीज बंद करायची आणि त्या खटक्याला प्रत्येकानं आपापलं कुलूप लावायचं. किल्ली ज्याची त्याच्याच खिशात. चार माणसं कामावर, तर चार कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत वीज सुरू करता येत नाही. हे ऐकून मला केवढा धीर आला! पण लगेच मनात आलं, कुलूप लावायची आठवण ठेवणारं डोकं तरी जागं हवं ना? आणि ते जागं ठेवायचं काम बंदरात होत नाही, ते आपल्या घरात होतं.

तेव्हापासून मी नियम केले. दारावर पाटी, ‘बेल वाजवू नये’. खिडकीला जाड गडद पडदा. मिक्सर आणि कुकर हे झोपण्याआधी किंवा उठल्यावर. ह्यांचा फोन माझ्याजवळ. सकाळी घरी आल्यावर पोटभर पण हलकं जेवण, आणि चहा मात्र उठल्यावरच.

गेल्या वर्षी आतेसासूबाईंच्या नातीचा साखरपुडा होता, भर दुपारी. आदल्या रात्री ह्यांची पाळी, त्या रात्रीही पाळी. ‘एक दिवस झोप नाही झाली तर काय बिघडतं?’ सगळ्यांचं एकच म्हणणं. हेही कपडे काढून बसले होते. मी म्हटलं, ‘तुम्ही झोपा. मी आणि मुलं जाऊन येतो.’ सासूबाई आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘झोपू दे त्याला.’ तिकडे मात्र ‘नवरा मुठीत ठेवलाय’ हे ऐकावं लागलं. आतेसासूबाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

त्या रात्री बंदरात विशेष काही घडलं नाही. एक दोर बदलला, काम संपलं, सकाळी हे घरी आले. मैत्रिणींनो, आमची पंचाईत हीच आहे. काहीच घडलं नाही, हे कुणाला पुरावा म्हणून दाखवता येत नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या रायगड जिल्ह्यात धडकलं, तेव्हापासून वारा वाढला की मला ह्यांचं काम दिसायला लागतं. वाऱ्यात क्रेन खिळी घालून जागच्या जागी जखडावी लागते, आणि ते माणसांच्याच हातून होतं.

तुमच्या घरी कुणी रात्रपाळीला जात असेल, मग ते इस्पितळात असो की गिरणीत, तर त्याच्या किंवा तिच्या झोपेसाठी खुशाल वाईटपणा घ्या. लोकांचे रुसवे आज ना उद्या निघतात.