युरोपियमचा शेजार

टर्बियमचा हिरवा आणि युरोपियमचा लाल हे रंग आम्ही प्रयोगशाळेत घडवत नाही, ते त्या मूलद्रव्यांचेच. त्यांचे ४एफ इलेक्ट्रॉन ५एस-५पीच्या आवरणाआड बसलेले असतात. त्यामुळे स्फटिकात भोवती क्लोराइड असो की ब्रोमाइड, टर्बियमचा हिरवा ५४५ नॅनोमीटरच्या आसपासच सापडतो. आमच्या हाती असतो तो शेजार, आणि सगळी कारागिरी तिथेच आहे असं मला मनापासून वाटतं.

या मूलद्रव्यांचे आयन स्वतः प्रकाश फार थोडा शोषतात. म्हणून जवळ अँटिमनी किंवा बिस्मथ बसवायचा. तो अतिनील किरण घेतो आणि ऊर्जा पुढे सरकवतो. पुण्याच्या आयसरमध्ये अंशुमान नाग यांच्या गटाने सिझियम-चांदी-इंडियमच्या क्लोराइडात बिस्मथसोबत अर्बियम घालून अवरक्त प्रकाश मिळवला. अर्बियमचा तो १५४० नॅनोमीटरचा पट्टा ऑप्टिकल फायबरच्या कामाचा.

सिझियमऐवजी सेंद्रिय अमोनियम घेतला की पदार्थ संकरित होतो. धातूंचे अष्टफलक बहुतेकदा एकमेकांपासून सुटे राहतात, स्फटिक द्रावणातून सहज वाढतात. पण त्याच सेंद्रिय रेणूतले एन-एच, सी-एच बंध सतत थरथरतात आणि अर्बियमची ऊर्जा त्यातच विरते. युरोपियम-टर्बियमला ही झळ कमी लागते, कारण त्यांच्या पातळ्यांमधलं अंतर मोठं. पाण्याचा ओ-एच बंध तर सगळ्यांत घातक. म्हणून पावसाळ्यात निर्जल क्लोराइडची बाटली ग्लोव्हबॉक्सबाहेर काढायला मी कुणाला देत नाही. शोधनिबंधांत प्रकाशाच्या कार्यक्षमतेचे मोठमोठे आकडे येतात. मी मात्र विचारते, हा स्फटिक दमट हवेत किती टिकला?

आणखी एक अडचण आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात युरोपियम कितीही घाला, पाणी त्याला सहजी सोडत नाही. स्फटिकात शिरतो तो त्यातला थोडाच. घातलेला आकडा वहीत असतोच, पण स्फटिक विरघळवून खरं प्रमाण मोजल्याशिवाय आमच्याकडे पुढची चर्चा होत नाही.

मग यूव्ही टॉर्चखाली ते दाणे पेटतात आणि आम्ही वर्णपट घेतो. युरोपियम सममितीच्या केंद्रावर बसला असेल तर ५९०ची नारिंगी रेषा वरचढ दिसते. शेजार एका बाजूला कलला की ६१२ची लाल उसळते. या दोन रेषांच्या उंचींचं गुणोत्तर पाहताना मला आजही हरखून जायला होतं, कारण एक्स-रेच्या आधीच आयन आपला पत्ता सांगून टाकतो. नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्यांदा तेच गुणोत्तर काढायला लावते. पदार्थाचं नाव न सांगता.