फणसाडच्या रानांत

हिमालयांतील हिमनद्या वर्षानुवर्षें मागें हटत आहेत, असें आम्ही भूगोलाच्या तासाला शिकतों. कोंकणच्या डोंगरावर बर्फ कोठून असणार! तथापि डोंगरावरून एखादी वस्तु नाहींशी होणें म्हणजे काय, हें समजण्यास मुरूड तालुक्यांतील सुपेगांवापर्यंत गेलों तेवढें पुरे झालें.

फणसाडचें रान हें एके काळीं जंजिऱ्याच्या नबाबांचें शिकारीचें राखीव रान. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें व १९८६ सालीं हें रान अभयारण्य ठरलें. आम्ही गेलों तेव्हां पाऊस परतीचा होता, पण जोर आषाढाचा! आमचे वाटाडे गांवांतीलच एक वृद्ध गृहस्थ. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद, हातांत काठी, पाय अनवाणी. त्यांस आम्ही लवकरच 'मामा' म्हणूं लागलों. ऐन, किंजळ, जांभूळ हीं झाडें ते नुसत्या सालीवरून ओळखून दाखवीत. गारंबीचा अजस्र वेल झाडाझाडांवरून असा पसरला होता कीं त्याचा बुंधा कोणता व शेंडा कोणता, याचा पत्ता लागेना. शेकरूनें मात्र दर्शन दिलें नाहीं. एवढ्या पावसांत त्यास दोष तरी कसा द्यावा?

पुढें एक प्रचंड वृक्ष मुळांसकट आडवा पडलेला दिसला. ३ जून १०२० नव्हे, हो, २०२० च्या निसर्ग वादळांत तो पडला, असें मामा हंसत म्हणाले. त्यांच्या मतें झाडाचें वय तेवढें जुनें होतें. "यावर गिधाडांचें घरटें असे. पण वादळाच्या कितीतरी आधींच तें ओस पडलें होतें."

गिधाडें कोठें गेलीं, हें कोडें पुष्कळ वर्षें सुटलें नव्हतें. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नांवाचें औषध देत. असें गुरूं मेल्यावर त्याचें मांस खाणाऱ्या गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात, हें २००४ सालीं सिद्ध झालें. २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं त्यावर बंदी आली. तोंपर्यंत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शंभरांत एकही उरलीं नव्हतीं. शिवाय मादी वर्षाला एकच अंडें घालते! आपल्या जिल्ह्यांत म्हसळ्याजवळ चिरगांवीं त्यांची एक वस्ती टिकून आहे, ही त्यांतल्या त्यांत सुदैवाची गोष्ट.

"पूर्वीं ढोर मेलें कीं घटकाभरांत हाडें उरायचीं, पोरांनो," मामा सांगत होते. "आतां चार दिवस वास जात नाहीं, आणि कुत्रीं माजलीं तीं निराळींच."

आमच्यांतील एका लहान मुलानें विचारलें, "मामा, गिधाड खालीं उतरतांना आवाज कसा होतो हो?"

मामा थांबले. डोक्यावरील कागद त्यांनीं काढला, दोन्हीं हातांनीं ताणून धरला आणि भर पावसांत जोरानें दोनदां झटकला.

"असा."