रिक्त जागा

'अस्थायी' आणि 'कायम' या दोन शब्दांतील अंतर सरकारी नोकरास कोणी समजावून सांगावयास नको. परंतु निसर्गाच्या दफ्तरीही कधीकधी कायम जागा मंजूरच होत नाही, हे आम्हांस गेल्या हिवाळ्यात कळले.

आमच्या कन्येचा वरचा, सुळ्याच्या अलीकडचा दुधाचा दात सातव्या वर्षी पडला. रामकृष्णपुरमच्या क्वार्टरला कौले कुठली? तो आम्ही गच्चीवर टाकून आलो. दहावे लागले तरी जागा रिकामीच. मुलगी तोंडावर हात धरून हसू लागली. गावाहून आलेल्या मातोश्रींनी निदान केले, "गरोदरपणी सूनबाईने दूध घेतले नाही, दुसरे काय!" पत्नी काही बोलली नाही, पण त्या रात्री ती जेवलीही नाही.

अखेर अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही दंतवैद्य गाठले. क्ष-किरण चित्रात त्या जागी दाताचा अंकुरच नव्हता. वैद्य म्हणाले, अक्कलदाढा सोडल्या तरी शंभरांत सुमारे सहा मुलांना एखादा कायमचा दात जन्मतःच नसतो. मुलींत प्रमाण किंचित अधिक. बहुधा खालची दुसरी उपदाढ किंवा हाच वरचा दात चुकतो. कारण बहुतेक वेळा आनुवंशिक; आईच्या दुधा-तुपाशी त्याचा संबंध नाही.

आम्हांस डार्विनची आठवण झाली. 1875 साली त्याने सिंधमधील एका कुटुंबाची हकीकत नोंदली आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. त्या घराण्यात चार पिढ्यांतील दहा पुरुषांना अवघे बारा-बारा दात होते. तो विकार निराळा आणि फार उग्र. पण घराण्याची देणगी किती मुकाट्याने पुढे सरकते, हे त्यावरून दिसते. त्या घरच्या मुलींत काही दिसत नसे, आणि त्यांच्या मुलांत मात्र ते उतरे.

आमचे कुतूहल पाहून वैद्यांनी आम्हांसही खुर्चीत बसविले. खालच्या एका दाढेवर टिचकी मारून ते म्हणाले, "ही तुमची दुधाची दाढ. हिच्या खाली दुसरी आलीच नाही." छत्तिसाव्या वर्षी दुधाचा दात! बिचारी पंचवीस वर्षे मुदतवाढीवर काम करीत होती.

घरी येऊन आम्ही कबुलीजबाब दिला : चूक कोणाचीच नाही, पण वारसा बहुधा आमच्याकडचा. मातोश्रींनी चष्मा लावून आमच्या तोंडात बराच वेळ पाहिले. "तरीच! तुझी ती दाढ कौलावर टाकल्याचे मला आठवत नाही."

शब्द त्यांनी मागे घेतला नाही. सासूच्या दफ्तरी तशी प्रथा नसावी. मात्र रात्री सुनेच्या पानात त्यांनी आग्रहाने तूप वाढले.

मुलीला नवा दात बसवावयाचा की तारेने फट मिटवावयाची, हे तिची वाढ पाहून ठरेल. प्रकरण प्रलंबित आहे. सध्या ती रोज आमची दाढ शाबूत आहे ना, ते तपासते, आणि त्या भरात तोंडावर हात धरावयास विसरते.