फियाट विकणे आहे

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांच्या दारात फियाट उभी असायची, त्यांच्या घरांत सध्या एक विषय हमखास निघतो. गाडीचं काय करायचं? फ्लॅटचं मृत्युपत्रात लिहिलेलं असतं, एफडीला नॉमिनी असतो, बांगड्या-पाटल्यांचं आईने हयातीतच सांगून ठेवलेलं असतं. गाडीबद्दल मात्र कोणी अक्षर लिहीत नाही. ती पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हराखाली बसून असते. मग एक दिवस सोसायटीचं पत्र येतं आणि भावंडांचे फोन सुरू होतात.

आमची गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. हे नाव आरसी बुकात. घरात, कॉलनीत आणि गॅरेजमध्ये ती कायम फियाटच. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना, १९६४पासूनची फियाट ११०० डिलाइट, १९७४मध्ये तिला मिळालेलं पद्मिनी हे नाव. एवढा इतिहास त्या काळी आमच्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ होता. इंजिन १०८९ सीसी, हेही. आजच्या मुलांना फोनचे मेगापिक्सेल माहीत असतात, त्याच चालीवर. ॲम्बॅसेडर सरकारची आणि पुढाऱ्यांची. फियाट डॉक्टरांची, वकिलांची आणि आमच्या वडिलांसारख्या, म्हणजे नानांसारख्या, बँक ऑफिसरांची. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. ज्यांना धीर नसे ते वर ‘ऑन’ देऊन दुसऱ्याची गाडी उचलत. नाना थांबले. बुकिंगची ती पावती त्यांनी पुढे गाडीच्याच फाइलमध्ये लावून ठेवली.

गाडी एकाच्या नावावर असे, पण वापर अख्ख्या कॉलनीचा. मध्यरात्री कोणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या की आमची बेल वाजायची. कॉलनीतल्या बहुतेक नवऱ्या आमच्याच गाडीतून कार्यालयात गेल्या. बॉनेटवरच्या फुलांच्या सेलोटेपचे डाग नाना दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या बोळ्याने काढत बसायचे आणि लग्नघरातून आलेले लाडू खात कुरकुरायचे. दसऱ्याला पाट्या, पुस्तकं आणि शिवणयंत्राच्या आधी पूजा गाडीची. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि चारही चाकांखाली लिंबं. ती फुटल्याचा आवाज ऐकायला आम्ही रस्त्यावर उकिडवे बसत असू.

गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे पुढे मध्ये काही आडवं येत नसे, सीटही सलग. त्यामुळे पुढे तीन मोठी माणसं आणि एक मांडीवरचं पोर, मागे मावतील तेवढी. सीटबेल्ट हा शब्द तेव्हा विमानातला होता. भांडण एकाच जागेसाठी: पुढच्या खिडकीची ती छोटी तिकोनी काच. ती उलटी फिरवली की वारा थेट तोंडावर यायचा. आमच्या घरात ती जागा ताईची, कारण तिला गाडी लागायची. खरंच लागायची की नाही, यावर दादाचा आणि तिचा वाद अजून मिटलेला नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व्हायचा होता. मे महिन्यात पुण्याला आत्याकडे जायचं म्हणजे बोरघाट, आणि बोरघाट म्हणजे गाडी तापणार. अर्ध्या चढावर इंजिन खोकायला लागायचं आणि बंद पडायचं. उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत बसतो आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचत नाही. हे शास्त्र आम्हाला शाळेच्या पुस्तकातून कळलं नाही. नाना बॉनेट उघडून उभे राहायचे, आई थर्मासशेजारी ठेवलेलं धोतराचं जुनं फडकं पाण्यात भिजवून, पिळून त्यांच्या हातात द्यायची आणि ते फडकं पेट्रोल पंपाभोवती गुंडाळलं जायचं. फडक्यातून वाफ निघायची. तोवर आम्ही दगडावर बसून दशम्या आणि लसणाची चटणी खायची. मागून येणारा ट्रकवाला न विचारता थांबायचा, पाण्याचा डबा द्यायचा. वर शिंग्रोबाच्या देवळाशी चालत्या गाडीतून नाणं टाकायचा मान सगळ्यात धाकट्याचा, म्हणजे माझा.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू कॉलनीतली एकेक फियाट गेली. नानांनी ठेवली. मारुतीचा पत्रा बोटाने दाबून बघायचे आणि काही न बोलता परत यायचे. पुढे पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी वळवताना त्यांचे खांदे दुखू लागले. मग गाडी नुसती रविवारी सकाळी चालू करून ठेवायची: चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, थोडा वेळ घुरघुरू द्यायची. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी करायची फेरनोंदणी, पर्यावरण कराची पावती, सगळं वेळच्या वेळी. फाइल इतकी नीट, की तिच्यावरून त्या माणसाचं चरित्र लिहिता यावं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली. वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. त्या दिवशी दादाचा इंदूरहून फोन, “आता आपलीच राहिली. विकायची नाही.” नाना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ताईचं मत नेमकं उलटं: “तू इंदुरात, मी ठाण्यात, हा कामावर. तिला चालवणार कोण?” मी ताईच्या बाजूने होतो आणि आहे. वडिलांची आठवण म्हणून गाडी कव्हराखाली ठेवणं म्हणजे तिला हप्त्याहप्त्याने भंगारात काढणं. आधी बॅटरी उतरते, टायर चपटे होतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटर चोंदतो आणि पावसाळ्यात फ्लोअरचा पत्रा खालून सडतो. वरून रंग चकचकीत असतो, म्हणून आपल्याला कळत नाही. शिवाय कार्ब्युरेटर उघडून कानाने ट्यूनिंग करणारे मिस्त्री आता बोटांवर मोजण्याइतके. त्यांची मुलं लॅपटॉप जोडून दोष शोधतात. आमच्या गाडीला लॅपटॉप जोडायला जागाच नाही.

विकायचं ठरल्यावर आलेली गिऱ्हाइकं पाहण्यासारखी होती. भंगारवाला गाडीकडे न बघता वजन विचारायचा. सिनेमाला जुन्या गाड्या पुरवणाऱ्याला ती काळी-पिवळी रंगवायची होती. दादाने फोनवरच नकार दिला. एकाला आत नवं इंजिन आणि एसी बसवायचा होता. शेवटी कोल्हापूरचा एक तरुण आला. रंगाबद्दल अवाक्षर नाही. आत वाकून त्याने रबरी मॅट उचलली, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत गेला. टण, टण, टण, आणि ड्रायव्हरच्या पायापाशी एकदम बद्द. “इथं पत्रा बदलावा लागतोय,” म्हणाला, “बाकी गाडी ठणठणीत हाय.” मग फाइल मागितली आणि पायरीवर बसून एकेक पावती वाचत बसला. आई खिडकीतून म्हणाली, “यालाच द्या.”

आईने असं म्हटल्यावर दादाचा प्रश्न मिटला, सरकारचा राहिला. गाडी नानांच्या नावावर, तेव्हा आधी ती वारसाच्या नावावर करायची: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचं ना-हरकत. मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. वर चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. त्या पोराने पट्टीवरची ग्रीसमिश्रित धूळ पुसली, कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासत राहिला. अंक एकेक करून वर आले. भाव माझ्या खिशातल्या फोनपेक्षा थोडा जास्त आला. मला तो बरोबर वाटला.

तुमच्या इमारतीखाली अशी गाडी असेल तर एवढं करा. आधी आरसी बुक शोधा. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलाचा अर्ज करायचा असा कायदा आहे. उशीर झाला असेल तरी आता करा, भावंडांच्या सह्या वर्षागणिक अवघड होत जातात. गाडीला पन्नास वर्षं झाली असतील आणि तिचा मूळ ढाचा बदललेला नसेल, तर २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून तिची वेगळी नोंदणी होते. विकण्यापूर्वी ते बघून घ्या. आणि गिऱ्हाइकाला रंग दाखवत बसू नका, मॅट उचलून पत्रा दाखवा. जो तरीही घ्यायला तयार होईल, त्यालाच द्या.