वंशावळीत नसलेल्या बायका

३ जुलै
ग्वाल्हेरच्या सराफ्यातली सून. वय ३८. डाव्या स्तनात गाठ, बायॉप्सीत कॅन्सर. फाइलमध्ये घराण्यातला आजार : 'नाही'. तिला म्हटलं, तुम्हाला नेमकं काय विचारलं होतं? "आईला होता का, एवढंच."

४ जुलै
बाड्यापासून सराफ्यापर्यंत पाणीच पाणी. पेशंट जेमतेम.

६ जुलै
ती पुन्हा आली. निघताना दारातून म्हणाली, "आत्या पोटात पाणी होऊन गेली. चाळिशीसुद्धा नव्हती."
वडिलांची बहीण. बहुधा अंडाशय. स्तन आणि अंडाशय, दोन्हींच्या कॅन्सरशी जोडलेलं जनुक बीआरसीए-१, सतराव्या गुणसूत्रावर. त्यातला दोष बापाकडूनही तितकाच येतो, निम्म्या शक्यतेने. आम्ही इथल्या गजराराजा मेडिकल कॉलेजात शिकलो तेव्हा जेनेटिक्स म्हणजे मेंडेलचे वाटाणे. हे जनुक हाती लागलं १९९४ साली. माझी परीक्षा तोवर होऊन गेली होती.

७ जुलै
सीनियर सर्जनना फोन, तिच्या जनुक-तपासणीबद्दल. "अगं, ऑपरेशन तर होणारच आहे. टेस्ट कशाला? आणि रिपोर्ट समजावणार कोण, तू की मी?"
दुसरा प्रश्न खरा आहे. पहिला नाही. दोष निघाला तर दुसरा स्तन, अंडाशयं, औषधं, सगळ्याचाच विचार बदलतो. बहिणींचाही.

९ जुलै
तिचा भाऊ वंशावळ घेऊन आला. सरदार घराणं. महादजी शिंद्यांच्या काळापासूनची, छापील, लॅमिनेट केलेली. एकाही लेकीचं नाव नाही.
बरोबर काकू, ऐंशीच्या. त्या आठवून सांगत गेल्या, मी केसपेपरच्या पाठीवर काढत गेले. पुरुष चौकोन, बाई गोल. जिला कॅन्सर झाला तिचा गोल काळा, शेजारी वय. तीन गोल काळे झाले, तिन्ही पन्नाशीच्या आत.
भाऊ म्हणाला, "या आमच्याच?"

१० जुलै
सासूबाई एकट्याच आल्या. "नातीचं लग्न व्हायचंय, डॉक्टरबाई. कागदावर काही नको." नात सोळाची. अठराच्या आत ही तपासणी करत नाहीत म्हटल्यावर हुश्श केलं. मीही.

१२ जुलै
रात्री वाचत बसले. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर ऐंशीपर्यंत शंभरातल्या सुमारे सत्तर जणींना स्तनाचा कॅन्सर. कधी निकाल येतो 'अर्थ अनिश्चित'. तो सांगायचा कसा?

१४ जुलै
मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळं क्लिनिक आहे. पत्र लिहिलं, गोल-चौकोनांचा कागद जोडला. पंजाब मेलची तिकिटं झाली. भाऊ सोबत जातोय. आधी रक्त तिचं. दोष निघाला तर त्याचंही. "मला काय होणार?" म्हणाला. त्याला दोन मुली आहेत.