लेकीला जुना, पण बरोबरीचा

घरात संगणक घ्यायचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, घ्यायचा तर नवाकोरा घ्या, हप्ते पडतातच. दुसरे म्हणते, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, आता संगणक कशाला? या दोन मतांच्या मध्ये एक तिसरा रस्ता आहे आणि मध्यम कमाईच्या घरांना तो परवडणारा आहे. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून बाहेर पडलेला, पुस्तकाएवढ्या आकाराचा जुना डेस्कटॉप घ्यायचा आणि त्याला चांगला मोठा पडदा, म्हणजे मॉनिटर, नवा जोडायचा. आम्ही गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी तेच केले. त्यातून संगणकाबद्दल जे कळले ते सांगूच, पण घराबद्दल जे कळले ते आधी सांगायला हवे.

आमची थोरली कन्या बारावी होऊन कराडला संगणकशास्त्राच्या पदवीला लागली. पाटणहून रोज एसटीने जाणे-येणे. कॉलेजात प्रयोगशाळा आहे, पण खरा सराव घरीच व्हायचा. घरात आम्हालाही कामे असतातच. शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे दोन्ही भाषांच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, शाळेची ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे मोबाईलवर डोळे ताणून चाललेले. तेव्हा आम्ही कन्येपुढे दोन पर्याय ठेवले, नवा लॅपटॉप किंवा जुना डेस्कटॉप आणि मोठा पडदा. ‘जुना’ हा शब्द ऐकताच ती म्हणाली, “अब्बा, भाईजान पुण्याला गेला तेव्हा त्याला नवा घेतला होता. मला जुना?”

ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला. थोरल्या मुलाला २०२१ साली ऑनलाइन वर्गांसाठी ३८,००० रुपयांचा नवा लॅपटॉप घेतला होता, ही गोष्ट खरी. मुलांना काही देताना त्यांच्यात बरोबरी राखा, एकाला देऊन दुसऱ्याला डावलू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. ऐकायला ती सोपी वाटते. पैसे मोजायची वेळ आली की मात्र मुलासाठी ‘गरज’ आणि मुलीसाठी ‘काटकसर’ असे शब्द आपोआप तोंडी येतात. मुलगी परक्या घरी जाणार, तिच्यावर एवढा खर्च कशाला, असे कुणी उघड म्हणत नाही. हिशोब मात्र तसाच होतो.

आम्ही ठरवले की या प्रश्नाला तोंडी उत्तर द्यायचे नाही. भिशीचे पैसे त्याच महिन्यात हाती आले होते. त्यातले ३८,००० रुपये वेगळे काढून तिच्या दादीच्या समोर तिच्या हातात दिले आणि सांगितले, “भाईजानला जेवढे दिले तेवढेच हे. नवा घे, जुना घे, तू ठरव. फक्त हप्ता नको आणि जे घेशील ते तपासून घे.” हप्ता नको म्हणण्याचे कारण व्याज. ‘बिनव्याजी’ म्हणून जाहिरात होणाऱ्या योजनांतही अनेकदा रोखीवर मिळणारी सूट सोडावी लागते किंवा प्रक्रिया शुल्क भरावे लागते. ज्यांना हा प्रश्न पडत नाही त्यांनीही एकदा बेरीज करून पाहावी.

कन्येने पंधरा दिवस चौकशी केली. मैत्रिणींना विचारले, कॉलेजच्या सरांना विचारले, वहीत दोन रकाने आखले. शेवटी तिनेच सांगितले की जुना छोटा डेस्कटॉप आणि मोठा नवा पडदा घ्यायचा. कारणे तिची होती. प्रोग्राम लिहिताना एका बाजूला पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे काम दिसायला हवे. लॅपटॉपच्या पंधरा इंची पडद्यावर दोन्ही नीट मावत नाही. गच्च भरलेल्या एसटीत लॅपटॉप सांभाळत रोज जायचे नाही, तो घरीच राहणार. मग घरी राहणाऱ्या यंत्राला छोट्या पडद्याची शिक्षा कशाला?

आता या यंत्राविषयी. मोठ्या कंपन्या, बँका, कॉल सेंटर अशा ठिकाणी टेबलावर किंवा पडद्याच्या मागे बसणारे छोटे संगणक वापरतात. लेनोव्होचा ‘थिंकसेंटर टायनी’, डेलचा ‘ऑप्टिप्लेक्स मायक्रो’, एचपीचा ‘एलिटडेस्क मिनी’ ही त्यांतली नावे. आकारमान साधारण एक लिटर, म्हणजे जेवणाच्या डब्याहून फार मोठे नाही. कचेऱ्या असे संगणक काही वर्षांच्या कराराने घेतात आणि मुदत संपली की शेकड्यांनी परत करतात. ते मग पुसून, तपासून पुन्हा विकले जातात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातली तपकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुनी ठिकाणे सगळ्यांना माहीत आहेत. आता लहान शहरांतही असा माल येतो. यांत बहुधा ज्याच्या नावापुढे ‘टी’ अक्षर असते तो ३५ वॅटचा प्रोसेसर असतो. म्हणून वीज कमी लागते, उष्णता कमी होते आणि आवाजही बेताचा राहतो.

पहिली गोष्ट पाहायची ती प्रोसेसरची पिढी. दुकानदार ‘आय-सेव्हन आहे’ असे मोठ्या आवाजात सांगतो, पण कितव्या पिढीचा ते सांगत नाही. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन २०१३ च्या सुमाराचा. आठव्या पिढीचा साधा आय-फाइव्ह २०१८ च्या सुमाराचा आणि त्यात सहा कोअर. शिवाय विंडोज १० ला मिळणारा मोफत सुरक्षेचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालते. म्हणूनच त्याआधीच्या पिढ्यांचे संगणक बाजारात स्वस्त झाले. ते निरुपयोगी नाहीत. लिनक्स मिंट किंवा उबंटूसारखी मोफत प्रणाली त्यांवर चांगली चालते. पण विंडोजच हवे असेल तर दोन हजार वाचवण्यासाठी सहावी-सातवी पिढी घेऊ नये. आणि चोरीचे विंडोज टाकून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणावे. ज्या यंत्रावर लेकरू शिकणार, त्याची सुरुवात दुसऱ्याच्या हक्कावर हात मारून कशाला करायची?

कन्येने पहिला संगणक जवळच्याच एका दुकानात पाहिला. किंमत कमी, दिसायला चकचकीत. तिने सुरू करताना सेटिंगमध्ये जायचा प्रयत्न केला तर आत पासवर्ड मागितला. तो आधीच्या कंपनीने लावलेला होता आणि दुकानदाराकडे नव्हता. “ताई, त्याची गरजच पडत नाही,” तो म्हणाला. गरज पडते. नवी प्रणाली टाकायची झाली, पेन ड्राइव्हवरून सुरू करायचे झाले, तर ते कुलूप आडवे येते. तिने शांतपणे नको म्हटले आणि बाहेर आली. मालात ऐब असेल तर विकणाऱ्याने तो आधी सांगावा, लपवून विकणे हलाल नाही, हे आपण जाणतो. पण घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवायला हवेत.

दुसऱ्या खेपेला आम्ही पुण्याला गेलो. तिथे तिने वहीतली यादी काढली आणि एकेक गोष्ट तपासली. सेटिंगला कुलूप आहे का? चार्जरसारखा दिसणारा अडॅप्टर मूळ कंपनीचा आणि पुरेशा वॅटचा आहे का? आतल्या एसएसडीचे आयुष्य किती उरले आहे? ते दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर मिळते, ते तिने पेन ड्राइव्हवर नेले होते. मेमरीच्या दोन जागा आहेत ना आणि एक रिकामी आहे ना? वाय-फाय आहे का? कचेऱ्यांत तारेने नेट असते, म्हणून अशा कित्येक यंत्रांत वाय-फायचे कार्डच नसते. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर घड्याळ बरोबर राहते का? राहत नसेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे, ती थोडक्या पैशांत बदलता येते. अर्धा तास चालू ठेवल्यावर पंखा ओरडतो का? आणि शेवटी, जीएसटीचे बिल आणि हमी कागदावर लिहून मिळते का? दुकानदार हसून आम्हाला म्हणाला, “बेटीला इथेच कामाला ठेवा.” पण त्याने प्रत्येक गोष्ट दाखवली, बिलावर सहा महिन्यांची हमी लिहून दिली.

पडद्याबाबत तर आमच्यासारख्या दोन लिप्यांच्या घरांनी विशेष पाहावे. उर्दूची नस्तालिक लिपी उतरत्या वळणाने लिहिली जाते, त्यामुळे तिच्या ओळीला उंची जास्त लागते. आणि बे, पे, ते, से यांतला फरक केवळ नुक्त्यांचा. मराठीत रफार, अनुस्वार, जोडाक्षरे. ठिपके अस्पष्ट दिसले तर प्रश्नपत्रिकेत चूक राहून जाते. म्हणून पडदा किती इंची एवढेच विचारून भागत नाही. त्यावर बिंदू किती आहेत हे विचारावे. २७ इंची पडद्यावर १९२० गुणिले १०८० बिंदू असतील तर एका इंचात सुमारे ८२ बिंदू येतात, २५६० गुणिले १४४० असतील तर सुमारे १०९. अक्षरांत फरक लगेच दिसतो. काहीजण सांगतात, ३२ इंची टीव्हीच जोडा. पण स्वस्त ३२ इंची टीव्हीवर बरेचदा १३६६ गुणिले ७६८ एवढेच बिंदू असतात, इंचाला पन्नासही नाहीत. त्यावर बातम्या ठीक, वाचन नाही. आणखी बारीक, फोर-के पडदा घ्यायचा असेल तर जोडणी डिस्प्लेपोर्टच्या तारेने करावी, कारण त्या काळच्या कित्येक यंत्रांतले एचडीएमआय फोर-के चित्र सेकंदाला फक्त तीस वेळा पाठवते आणि माउसचा बाण अडखळत चालतो.

कन्येचा हिशोब असा झाला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी मेमरी, २५६ जीबी एसएसडी असलेला संगणक १५,५००. आणखी ८ जीबी मेमरी १,६००. २७ इंची नवा पडदा १४,८००. कीबोर्ड आणि माउस ९००. डिस्प्लेपोर्टची तार ४००. यूपीएस २,९००. एकूण ३६,१००. उरलेल्या १,९०० मधून तिने कॅमेरा घेतला, कारण अशा डेस्कटॉपला कॅमेरा नसतो. बाकी प्रवासात गेले. भाईजानच्या लॅपटॉपएवढेच पैसे, पण पडदा असा जो यंत्र बदलले तरी पुढे टिकेल.

यूपीएस चैनीचा नाही, हे पाटणकरांना सांगायला नको. आमच्याच तालुक्यातल्या कोयनेचा वीजप्रकल्प १,९६० मेगावॅटचा, पण पावसाळ्यात आमच्या गल्लीतली वीज दिवसातून कितीदा जाते ते मोजणे आम्ही सोडून दिले आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला नाही. वीज गेली की न साठवलेले काम गेले. छोट्या यंत्राचा फायदा इथेही होतो. यंत्र आणि पडदा मिळून वीज इतकी कमी लागते की आमचा साधा यूपीएस वीस-पंचवीस मिनिटे निभावतो. तेवढ्यात काम साठवून बंद करता येते.

आता तो पडदा बैठकीच्या खोलीत आहे. सकाळी आणि रात्री कन्येची वेळ ठरलेली, ती कुणी मोडायची नाही, आम्हीसुद्धा नाही. दुपारी धाकटा बालभारतीची पुस्तके उघडतो. रविवारी आम्ही प्रश्नपत्रिका करतो. युनिकोडमुळे उर्दू आणि मराठी एकाच कागदावर येते आणि नस्तालिकचे मोफत फॉन्टही मिळतात. असर नंतर दादी येऊन बसतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक छपाईचे त्यांना कष्ट होतात. कन्या त्यांना उर्दू मजकूर दीडपट मोठा करून देते आणि दादी आपल्या चष्म्याने आपल्या वेगाने वाचतात. नात माउस फिरवते, दादी “थांब, थांब” म्हणतात.

एक अडचणही आहे, ती लपवत नाही. पुढे कन्येला वसतिगृहात राहावे लागले तर लॅपटॉपसारखे हे सगळे उचलून नेता येणार नाही. यंत्र पिशवीत मावेल, पडदा मावणार नाही. तो प्रश्न तिच्याशी बोललो. ती म्हणाली, “यंत्र मी नेईन, पडदा दादीसाठी राहू दे. तिथे छोटा घेऊ.” त्यासाठी भिशीचा एक हिस्सा आतापासून तिच्या नावाने बाजूला पडतो आहे. मुलाच्या फीसाठी तो वापरायचा नाही, हे घरात सर्वांना माहीत आहे.

जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही. वस्तू चालते तोवर ती वापरणे म्हणजे इसराफ टाळणेच आहे, आणि एक यंत्र कचऱ्यात जाण्यापासून वाचते. मात्र जुने कुणाच्या वाट्याला येते हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. नेहमी एकाच लेकराच्या वाट्याला येत असेल तर त्या काटकसरीला बरकत कुठून येणार? रक्कम बरोबरीची द्यावी, निवड त्या लेकरावर सोडावी, आणि दुकानात काय तपासायचे ते शिकवून पाठवावे. आमच्या कन्येची ती वही गल्लीतल्या दोन मुलींनी उतरवून नेली आहे.