पेन कोणत्या गावचा?

मी फाउंटन पेन जमवतो हे वस्तीत कळले तेव्हा एका कार्यकर्त्याने तोंडावरच विचारले, "भाऊ, लिहायला एक पेन पुरत नाही का?" प्रश्न रास्त होता. छंद हा शब्द उच्चारायलाही आपल्या घरांत संकोच वाटतो. किराणा, मुलांची फी, घराचा हप्ता यातून उरते काय, की माणसाने हौस करावी?

या हौसेत जगभर शहरांच्या नावाच्या पेनांना मोठा मान आहे. जर्मनीच्या पेलिकन कंपनीने २००० नंतरच्या काही वर्षांत बर्लिन, माद्रिद, अथेन्स, न्यूयॉर्क, शिकागो, शांघाय अशा नावांचे पेन काढले. शहरावरून सुचलेला रंग, ठरावीक काळच उत्पादन, मग बंद. बंद झाले की मागणी वाढते आणि भाव चढतो. घेणारे पुष्कळजण तो पेन पेटीतच ठेवतात, कारण शाई भरली की किंमत उतरते. २००९ साली मॉन्टब्लांक कंपनीने तर गांधीजींच्या नावाचा पेन काढला. दांडीयात्रेचे मैल २४१, म्हणून नगही २४१, आणि एकाची किंमत ११ लाखांच्या वर! पंचा नेसणाऱ्या माणसाच्या नावावर हे. मी बी.कॉम. झालेला कारकून. असा आकडा दिसला की माझ्या डोक्यात पगाराचे महिने मोजणे सुरू होते.

म्हणून मी उलटा मार्ग धरला. शहराच्या नावाचा पेन परवडत नाही, तर त्या त्या शहरात बनलेला साधा पेन घ्यावा. वर्षाला एक, फार तर दोन.

पहिलाच पेन या नियमात बसत नाही. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. मी कॉलेजात गेलो त्या वर्षी त्यांनी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीजवळच्या दुकानातून तो घेतला. त्यावर कोणत्याच गावाचे नाव नाही. माझ्या लेखी तो नागपूरचा.

सर्वांत आवडता राजमहेंद्रीचा. गोदावरीकाठच्या या गावात के. व्ही. रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास हाताने पेन बनवायला सुरुवात केली. रबरात गंधक मिसळून तापवले की इबोनाइट नावाचा कडक पदार्थ होतो. त्याची कांडी लेथवर कातून पेन करतात. आत नळी नाही, रबरी पिशवी नाही. ड्रॉपरने शाई थेट पोटात भरायची. हातात धरला की थोड्या वेळात कोमट लागतो. रत्नम यांचा पेन वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे गेला आणि १९३५ साली त्यांनी आभाराचे पत्र लिहिले. पुणे कराराची सल आपल्या मनात आहे आणि राहील, पण त्या कारागिराच्या हाताला दाद दिलीच पाहिजे. हैदराबादचाही एक पेन माझ्याकडे आहे. मुंबईचा कॅमलिन तर शाळेपासून ओळखीचा. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासूनच तो धंदा उभा केला.

बाबासाहेबांना फाउंटन पेनांची भारी आवड होती, असे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी लिहून ठेवले आहे. ते कळल्यापासून घरातली कुरकुर थोडी कमी झाली. "अजी, त्यांनी त्या पेनांनी लिहिलं किती, तेही सांगा," एवढे मात्र सौभाग्यवती ऐकवतेच.

कधी मनात येते, वरोऱ्याचा पेन कुणी काढला तर रंग कोणता देईल? माझ्या मते काळा. इथली सरकारी कोळसा खाण १९०६ साली बंद पडली, पण गावात रेल्वे आली ती त्या कोळशासाठी. टोपण सागवानी तपकिरी चालेल.

माझा नियम एकच, कोणताही पेन कोरडा ठेवायचा नाही. रविवारी विहारात आम्ही अर्ज लिहून देतो. शिष्यवृत्ती, जात पडताळणी, वनहक्काचे दावे. हलक्या कागदावर शाई फुटते, कार्बन ठेवला तर फाउंटन पेन कामाचा नाही, तिथे बॉलपेनच घ्यावा लागतो. मसुदा मात्र मी शाईनेच लिहितो. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्यांच्या आजोबांकडे कागदाचा तुकडा नव्हता, त्यांनी तो आणायचा कुठून? मग गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब घ्यायचे, जुन्या विहिरी, स्मशानाच्या जागा नोंदवायच्या. हे लिखाण लांबलचक असते, आणि शाईच्या पेनाने हात दुखत नाही.

मागे जंगलपट्टीतल्या एक आजी दाव्यावर सही करायला आल्या. नातीने त्यांना नाव लिहायला शिकवले होते. समोर बॉलपेन होता, पण त्यांनी माझ्या खिशातला राजमहेंद्रीचा जाड पेन मागितला. "तो द्या भाऊ, बोटात बसते." आणि सगळा जोर लावून एकेक अक्षर कोरले. पाच मिनिटे लागली असतील. निबाच्या दोन्ही फाका उघडल्या. शौकीन माणूस म्हणेल, पेन वाया गेला. निब बदलून मिळते, मी बदललेले नाही. आजींचा दावा ग्रामसभेने मंजूर करून वर पाठवला, अजून तो वरच्या समितीकडेच आहे. गेल्या महिन्यात स्मरणपत्राचा मसुदा त्याच पेनाने लिहिला. अक्षर आता जरा जाड येते.